उल्कापात की उल्कावर्षाव?

विचारणा अशी आहे: डिसेंबरातल्या बातम्यांत ‘मिथुन राशीतून उल्कापात’ आणि ‘मिथुन उल्कावर्षाव’ असे दोन्ही छापून येते. यातले बरोबर कोणते, आणि मिथुन राशीचा इथे संबंध काय?

शब्द दोन्ही शुद्ध आहेत, पण अर्थ एक नाही. ‘उल्का’ म्हणजे मुळात पेटता पलिता, जळते कोलीत. ‘पात’ म्हणजे पडणे. वर्षातल्या कुठल्याही रात्री एखादा तारा तुटताना दिसला, तर तोही उल्कापातच. ‘वर्षाव’ मात्र ठरावीक दिवसांचा. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना एखाद्या धूमकेतूने मागे टाकलेल्या धुळीच्या पट्ट्यातून जाते, तेव्हा एकाच बाजूने पुष्कळ उल्का येतात. दरवर्षीच्या त्या घटनेला मी ‘उल्कावर्षाव’ हाच शब्द वापरतो, इतरांनीही वापरावा असे मला मनापासून वाटते. न जळता जमिनीपर्यंत पोचलेला दगड तो ‘अशनी’. लोणारचे विवर झाले ते अशनीमुळे, तिथे ‘उल्का’ लिहू नये.

आता मिथुन. या उल्का पेटतात आपल्यापासून साधारण शंभर किलोमीटर उंचीवर, आणि मिथुनेतले तारे कित्येक प्रकाशवर्षे दूर. तेव्हा ‘राशीतून’ हा शब्दप्रयोग फसवा आहे. हे कण एकमेकांना समांतर येतात, पण रेल्वेचे रूळ लांबवर एकत्र आल्यासारखे वाटतात ना, तशाच त्यांच्या रेषा मागे वाढवल्या की एका ठिकाणी मिळतात. तो उगमबिंदू पुनर्वसूच्या जोडताऱ्यांपैकी कॅस्टरजवळ दिसतो, म्हणून नाव मिथुनेचे. फलज्योतिषाशी त्याचा काही संबंध नाही. या वर्षावाची धूळ धूमकेतूची नसून फेथॉन नावाच्या लघुग्रहाची मानतात. तो सापडला 1983 मध्ये.

पाहायचा केव्हा, तर 13 आणि 14 डिसेंबरच्या रात्री. ही वेळ तिथीवर नव्हे, पृथ्वीच्या कक्षेतल्या जागेवर ठरते, त्यामुळे इंग्रजी तारीख जवळपास कायम राहते आणि चंद्र मात्र दरवर्षी वेगळा. 2023 मध्ये नुकतीच कार्तिक अमावास्या झाली होती, आकाश काळेभोर मिळाले. 2024 मध्ये नेमकी दत्तजयंती आली आणि चांदण्यात फिक्या उल्का हरवल्या. म्हणून तारखेबरोबर पंचांगही पाहावे. उगमबिंदू रात्री दोनच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर येतो. शहरापासून दूर, सतरंजीवर उताणे पडून पाहावे, दुर्बीण नको. ताशी दीडशेचा आकडा छापतात तो आदर्श आकाशाचा, प्रत्यक्षात त्याहून बऱ्याच कमी दिसतात.

‘वर्षाव’ हा शब्द अतिशयोक्त वाटत असेल, तर सिंहेचा वर्षाव आठवावा. एरवी 17 नोव्हेंबरच्या आसपास तो अगदी बेताचा असतो. पण त्याचा धूमकेतू दर 33 वर्षांनी सूर्याजवळ येतो आणि त्या सुमारास कधीकधी आकाश पेटते. 1833 मध्ये उत्तर अमेरिकेतल्या लोकांनी हजारो उल्का एका रात्रीत पाहिल्या. त्याला ‘उल्कावादळ’ म्हणतात, आणि तो शब्द अशाच रात्रींसाठी राखून ठेवावा.

ऑगस्टच्या 12-13 तारखेचा वर्षाव मराठीत ‘ययाती’चा लिहावा, ‘पर्सियस’चा नको. त्या तारकासमूहाचे ययाती हे नाव आपल्याकडे रुळलेले आहे. महाराष्ट्रात तेव्हा बहुधा ढग असतात, पण पावसाने उघडीप दिली तर पहाटे ईशान्येकडे नजर ठेवावी.