हत्तीरोग जंतामुळे होतो, मग अँटिबायोटिक कशाला?

ताई, शंका रास्त आहे. सासूबाईंच्या पायाला हत्तीरोगाची सूज, डॉक्टरांनी सहा आठवडे डॉक्सिसायक्लिन लिहून दिलंय, आणि जंताच्या आजारावर बॅक्टेरियाचं औषध का, हे तुम्हाला कळत नाहीये. वर प्रतिक्रियेत एकांनी ‘डॉक्टरांना कमिशन असेल’ म्हणून निकालही लावून टाकला. तसं नाहीये हो. या औषधाच्या चाचण्या वीस-पंचवीस वर्षं चालू आहेत. प्रश्न एवढाच की ते कशावर चालतं आणि कशावर नाही.

आपल्याकडचा हत्तीरोगाचा जंत म्हणजे वुचेरेरिया बँक्रॉफ्टी. क्युलेक्स डासातून येतो, लसिकावाहिन्यांत (रक्ताऐवजी लसिका वाहणाऱ्या बारीक नळ्यांत) मुक्काम ठोकतो आणि तिथे वर्षानुवर्षं जगतो. मादी रक्तात पिल्लं सोडत राहते. ती पिल्लं रात्रीच बोटाच्या रक्तात सापडतात, म्हणून तर विदर्भात हत्तीरोगाची रात्र चिकित्सालयं असतात आणि कर्मचारी झोपेच्या वेळी घरी येऊन बोट टोचतात. (लोक वैतागतात, पण दुपारी घेतलेल्या स्लाइडवर बहुधा काहीच दिसत नाही.) हत्तीरोगासाठी सरकार वाटतं ती डीईसी गोळी पिल्लांना झटपट मारते. मोठा जंत मात्र तिला पुरता दाद देत नाही.

आता मुद्द्याचं. या जंताच्या पेशींमध्ये वोल्बाकिया नावाचा बॅक्टेरिया राहतो आणि जंताचं त्याच्यावाचून चालत नाही. तो मेला की मादीची पिल्लं पोटातच खुंटतात आणि पुढे जंतही मरतो. 1999 साली उंदरांवर झालेला प्रयोग मला फार आवडतो. टेट्रासायक्लिन (डॉक्सिसायक्लिनच्याच घराण्यातलं औषध) दिल्यावर वोल्बाकियावाले जंत खुरटले आणि वांझ झाले. पण ज्या जातीच्या जंतात वोल्बाकिया नसतोच, तिला त्याच औषधाने काही झालं नाही. म्हणजे औषध जंताला विष म्हणून लागू पडत नव्हतं, त्याच्या आतल्या भाडेकरूला मारत होतं.

मग माणसांवर. घानात नदी-अंधत्वाच्या (तोही असाच वोल्बाकियावाल्या जंतामुळे होणारा आजार) रुग्णांना रोज 100 मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन सहा आठवडे दिलं आणि त्वचेखालच्या गाठी काढून तपासल्या. आतल्या माद्यांमध्ये पिल्लांची वाढ थांबलेली होती. हत्तीरोगासाठी टांझानियात 72 पुरुषांवर चाचणी झाली, रोज 200 मिलिग्रॅम, आठ आठवडे, निकाल 2005 साली आला. अंडकोषाच्या सोनोग्राफीत जिवंत जंत वळवळताना चक्क पडद्यावर दिसतात. चौदा महिन्यांनी पाहिलं तर नुसती खोटी, म्हणजे औषध नसलेली गोळी घेतलेल्यांपैकी 88 टक्क्यांत ते अजून वळवळत होते, डॉक्सी म्हणजे डॉक्सिसायक्लिनवाल्यांपैकी फक्त 22 टक्क्यांत. मोठा जंत मरतो, हे त्यातून दिसलं. मरतो सावकाश, आणि ते बरंच आहे, कारण सगळे एकदम मेले तर अंगावर प्रतिक्रिया उठते.

पण तुमच्या सासूबाईंना त्रास सुजेचा आहे, आणि तिथे गोष्ट इतकी सरळ नाही. 2012 च्या घानातल्या चाचणीत तीन गट होते: डॉक्सी, अमॉक्सिसिलिन आणि खोटी गोळी. अमॉक्सिसिलिन मुद्दाम घेतलेलं, कारण ते त्वचेवरचे जंतू मारतं, वोल्बाकियाला हात लावत नाही. वर्षाने डॉक्सीवाल्यांपैकी जवळपास 44 टक्के लोकांची सूज एक पायरी उतरली, बाकी दोन्ही गटांत 3 ते 6 टक्क्यांची. ताप येऊन पाय लाल होण्याचे झटके मात्र अमॉक्सिसिलिननेही कमी झाले. लोक खूश झाले. पुढे मालीमध्ये अशीच चाचणी झाली, तिथे दोन्ही गटांना पाय धुण्याची, निगा राखण्याची नीट शिकवण दिलेली होती, आणि डॉक्सी व खोटी गोळी यांत लक्षणीय फरक दिसला नाही.

माझं मत विचाराल तर डॉक्टरांनी दिलंय ते चूक नाही, कोर्स पूर्ण करा. पण पाय हत्तीसारखा झालेला महिन्या-दोन महिन्यांत सडपातळ होईल ही आशा धरू नका. रोज साध्या साबणाने पाय धुवा, बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या करा, चिखल्या दिसल्या तर लगेच मलम लावा, बसताना पाय उंच ठेवा, अनवाणी फिरू देऊ नका. झटके बहुतेक त्या बेचक्यांतूनच सुरू होतात.

‘मग सरकार सगळ्या गावाला डॉक्सीच का वाटत नाही?’ असंही कुणी विचारलंय. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या बायका आणि लहान मुलांना ती देत नाहीत, शिवाय आठवडेच्या आठवडे रोज गोळी गावभर कोण घेणार? अशक्य नाही म्हणा, कॅमेरूनमध्ये गावकऱ्यांनीच ती हजारो लोकांना वाटून दाखवली. पण आपल्याकडे एका दिवसात तीन औषधं (आयव्हरमेक्टिन, डीईसी, अल्बेंडाझोल) समोर गिळवून मोकळं होणं सोयीचं. नागपुरात 2019 पासून तेच सुरू झालं.

गोळी जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर द्या, घेतल्यावर अर्धा तास आडवं पडू देऊ नका, नाहीतर अन्ननलिकेत जळजळतं. उन्हात कातडी लवकर भाजते, डोक्यावर पदर असू द्या. आणि त्यांना कॅल्शियमची, लोहाची किंवा ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर ती डॉक्सीबरोबर नको, मध्ये दोन-तीन तास जाऊ द्या. काय काय चालू आहे ते इथे लिहा, म्हणजे वेळा लावून देता येतील.