दिवस राहतात, पण टिकत नाहीत

प्रश्न : वय 31. दोनदा दिवस राहिले, दोन्ही वेळा नवव्या-दहाव्या आठवड्यात गर्भपात झाला. एचएसजीच्या (गर्भपिशवीत औषध भरून काढलेल्या एक्स-रेच्या) अहवालात गर्भपिशवी 'दोन शिंगांची' लिहिली आहे. डॉक्टर ऑपरेशन सुचवतात, घरचे म्हणतात आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) करून दोन गर्भ सोडून घे. काय करावं?
– एक वाचक, वाळपई

उत्तर : ताई, ऑपरेशनची तारीख घेण्याआधी निदान पक्कं करा. एचएसजीत औषध पिशवीच्या पोकळीत भरतात, त्यामुळे फिल्मवर फक्त आतला आकार दिसतो. आत पडदा असो किंवा पिशवीच वरून दुभंगलेली असो, चित्र जवळपास सारखंच येतं. फरक कळतो तो पिशवीच्या बाहेरच्या माथ्यावरून. त्यासाठी थ्रीडी सोनोग्राफी करा, तीही पाळी येण्याआधीच्या पंधरवड्यात. तेव्हा अस्तर जाड असल्याने कडा स्वच्छ दिसतात. माथा सपाट किंवा खाच 1 सेंटीमीटरहून कमी असेल तर सहसा पडदा, जास्त खोल असेल तर दोन शिंगं. तरीही शंका उरली तर एमआरआय. मूत्रपिंडंही तपासून घ्या, कारण अशा बायकांत कधी कधी एकच असतं.

पडदा दुर्बिणीने योनीमार्गे कापता येतो, पोटावर चिरा लागत नाही. दुभंगलेल्या पिशवीत मात्र पडदा समजून कापायला गेलं तर पिशवीच्या भिंतीलाच भोक पडतं. म्हणून निदानावर आमचा एवढा भर आहे. पडदा निघाला तरी घाई नको. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या बहुदेशीय चाचणीत पडदा काढल्याने जिवंत बाळांचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. चाचणी लहान होती, त्यामुळे तज्ज्ञांत अजून एकमत नाही. आधी थायरॉईड, साखर आणि अँटिफॉस्फोलिपिड (रक्तात गुठळ्या करणाऱ्या प्रतिपिंडांची) तपासण्या करा. ही शेवटची पॉझिटिव्ह आली तर 12 आठवड्यांनी पुन्हा.

आयव्हीएफने पिशवीचा आकार बदलत नाही, आणि तुम्हाला दिवस तर आपसूक राहतात. दोन गर्भ मुळीच नकोत. अपुऱ्या जागेत जुळी वाढली की बाळंतपण फार लवकर होण्याची भीती.

पुन्हा दिवस राहिले की 16 ते 24 आठवड्यांत गर्भाशयमुखाची लांबी योनीमार्गे सोनोग्राफीने मोजत राहा. 25 मिलिमीटरच्या खाली गेली तर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक किंवा गर्भाशयमुखाला टाका याविषयी लगेच विचारा. बाळ पायाळू असण्याची शक्यताही जास्त असते.

नाव अशा ठिकाणी घाला जिथे नवजात अतिदक्षता विभाग आहे, जसं बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज). सातव्या-आठव्या महिन्यात कळा सुरू झाल्या किंवा पाणी गेलं तर 108 बोलवा. लवकर जन्मणाऱ्या बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला देतात त्या इंजेक्शनांचा पुरता परिणाम व्हायला साधारण 24 तास लागतात, तेव्हा सकाळ होण्याची वाट पाहू नका.