आकडी नसलेली ‘फीट’: नेमका शब्द कोणता?

‘नॉन-कन्व्हल्सिव्ह स्टेटस एपिलेप्टिकस’ (हातपाय न झाडता मेंदूत चालूच राहणारी फीट) या संज्ञेला मराठीत काय म्हणावे, आणि हातपाय न झाडणाऱ्या रुग्णाला ‘झटका आला आहे’ असे म्हणता येईल का, असा प्रश्न आला आहे. माझी पसंती ‘आकडीविरहित अविरत अपस्मार’ या शब्दयोजनेला आहे.

‘झटका’ आणि ‘आकडी’ हे दोन्ही शब्द डोळ्यांना दिसणाऱ्या हालचालींवरून पडलेले आहेत, आणि येथे नेमक्या त्याच हालचाली नसतात. ‘अपस्मार’ हा शब्द मात्र स्मृती ढळण्याशी जोडलेला असल्यामुळे तो येथे चपखल बसतो. कोणी ‘अनाक्षेपी’ असा शब्द सुचवील. तो आयुर्वेदातल्या ‘आक्षेपका’ला, म्हणजे झटके येण्याच्या विकाराला, धरून आहे हे खरे, पण आजच्या वाचकाला त्यातून ‘हरकत नसलेला’ एवढेच कळेल. ‘अविरत’ म्हणताना दोन प्रकार अभिप्रेत आहेत: एकच फीट लांबत जाणे, किंवा मध्ये शुद्ध पूर्ववत न येता एकामागून एक फिट्स येत राहणे.

किती वेळ चालली म्हणजे अविरत? आंतरराष्ट्रीय अपस्मार-विरोधी संघाच्या 2015 सालच्या व्याख्येनुसार सर्वांगाच्या आकडीसाठी ही मर्यादा 5 मिनिटांची आहे, तर मेंदूच्या एका भागातून उद्भवणाऱ्या आणि भान हरपवणाऱ्या फिटीसाठी ती 10 मिनिटांची आहे. ही दुसऱ्या प्रकारची फीट 60 मिनिटांपलीकडे गेल्यास कायमच्या इजेचा धोका संभवतो. तरीही घड्याळ लावायचे कधीपासून, हीच येथे खरी अडचण असते, कारण सुरुवात कोणाच्या लक्षातच येत नाही.

रुग्ण बसलेला असतो, डोळे उघडे असतात, हाक मारली तर मान वळवतो किंवा वळवतही नाही, उत्तर उशिरा आणि असंबद्ध येते. मध्येच एक पापणी फडफडते, ओठ चाटल्यासारखे हलतात, बोटे सदऱ्याची गुंडी चाचपत राहतात, नजर एका बाजूला खिळते, आणि काही वेळाने तो जरा भानावर आल्यासारखा वाटून पुन्हा हरवतो. हे खालीवर होणे विशेष महत्त्वाचे आहे. वयस्कर माणसात याला सहज ‘भ्रम’ म्हटले जाते, कधी मानसिक आजाराचे लेबल लागते, तर कधी बोलणे बंद झाले म्हणून पक्षाघाताची शंका येते. सर्वांगाची आकडी थांबल्यावर रुग्ण अपेक्षित वेळात शुद्धीवर येत नसेल, तर ‘थकून झोपला आहे’ हे समाधान धोक्याचे आहे. शरीर शांत झाले म्हणून मेंदूतली फीट थांबली असे गृहीत धरता येत नाही.

म्हणून केवळ निरीक्षणावर निदान ठरत नाही. त्यासाठी मेंदूचा विद्युत आलेख, म्हणजे ईईजी, काढावाच लागतो. रक्तातील साखर आणि सोडियम तपासणे, तसेच चालू औषधे पाहणे हेही त्याच्या बरोबरीने होते. मूत्रपिंड दुबळे असताना दिलेले सेफेपीम हे प्रतिजैविकही अशी अवस्था निर्माण करू शकते. आलेखात अपस्मारी लहरी सेकंदाला अडीचपेक्षा अधिक वेगाने टिकून दिसल्या, तर साल्झबर्ग निकषांनुसार, म्हणजे ईईजीवरून हे निदान ठरवण्याच्या नियमांनुसार, निदानाला भक्कम आधार मिळतो. वेग त्याहून कमी असेल, तर लहरींचे ठिकाण व वेग ठरावीक रीतीने बदलत जातात का, त्यांच्यासोबत पापणी फडफडण्यासारखी सूक्ष्म लक्षणे दिसतात का, किंवा शिरेतून औषध दिल्यावर आलेख आणि रुग्ण दोन्ही सुधारतात का, हे पाहिले जाते. यातले ‘दोन्ही’ सोडून चालत नाही, कारण यकृत बिघडल्यामुळे मंदावलेल्या मेंदूतील त्रिकली (तीन टप्प्यांच्या) लहरीही लोराझेपाम या फीट थांबवणाऱ्या औषधाने पुसल्या जातात, रुग्ण मात्र तसाच राहतो. उलट बाजूने, औषधानंतर रुग्ण लगेच जागा झाला नाही म्हणून अपस्मार नव्हताच असेही ठरत नाही. औषधाची गुंगी असतेच. शिवाय अर्ध्या तासाच्या आलेखात काही सापडले नाही तरी शंका कायम असल्यास तो 24 तास किंवा अधिक काळ चालू ठेवावा लागतो.

मूळ प्रश्नाच्या उत्तरार्धाबद्दल: बोलताना ‘फीट’ म्हणावे, ‘झटका’ टाळावा; आणि डॉक्टरांना सांगताना नुसते ‘बेशुद्ध’ म्हणण्यापेक्षा ‘डोळे उघडे आहेत, पण सकाळपासून ओळख देत नाही, पापणी हलते आहे’ असे सांगावे, शक्य असल्यास चित्रफीतही दाखवावी.