अलीकडे वाचलेली पुस्तके : कुमारांसाठी कोणती, मोठ्यांसाठी कोणती?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. अलीकडे वाचलेल्या कुमारांच्या आणि मोठ्यांच्या पुस्तकांपैकी कोणती मनापासून आवडली, ही पहिली. आणि चौदा वर्षांच्या मुलीच्या हाती मोठ्यांची जाडजूड कादंबरी आताच द्यावी की थांबावे, ही दुसरी. मी दापोली तालुक्यात, हर्णै बंदराजवळच्या एका गावात राहते. माध्यमिक शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले आणि आता गावच्या वाचनालयात आठवी ते दहावीच्या मुलांबरोबर वाचत असते. १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात आणि बंदरावरच्या घरांतील मुलांना संध्याकाळी थोडी सवड मिळते. आमचे बरेचसे वाचन त्याच दिवसांत होते. म्हणून पुढील मते माझी असली, तरी या मुलांनी विचारलेल्या प्रश्नांनी ती घडलेली आहेत.

कुमारांची पुस्तके आणि मोठ्यांची पुस्तके ही विभागणी मुख्यतः कपाटांच्या सोयीची आहे. मी पुस्तक वाचताना एकच गोष्ट पाहते: त्यातील माणसे काय खातात, ते कोठून येते आणि ते आणण्यासाठी कोण राबते, हे लेखकाला नीट ठाऊक आहे का, आणि ठाऊक असल्यास तो ते तरुण वाचकापासून लपवतो का. घरातील पैशांची ओढाताण बारा-तेरा वर्षांच्या मुलाला कळत नाही, असे मोठी माणसे समजतात. प्रत्यक्षात डिझेलची उधारी किती थकली आहे हे इथल्या सातवीतल्या मुलालाही तोंडपाठ असते. जे पुस्तक हा हिशेब प्रामाणिकपणे मांडते, ते मी कोणत्याही वयाच्या वाचकाला निःशंकपणे देते.

या कसोटीला उतरलेले आणि यंदा मला सर्वांत जवळचे वाटलेले पुस्तक म्हणजे अनिता देसाई यांची ‘द व्हिलेज बाय द सी’ ही १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेली इंग्रजी कादंबरी. तिला १९८३ मध्ये गार्डियनचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. ती आपल्याच किनाऱ्यावरची, अलिबागजवळच्या थळ गावातील आहे, आणि थळ हे खरे गाव असून पात्रेही तिथल्या माणसांवरूनच घेतली आहेत, असे लेखिकेने स्वतः नोंदवले आहे. तेरा वर्षांची लीला आणि बारा वर्षांचा हरी या भावंडांवर घराचा भार पडलेला आहे. आई अंथरुणाला खिळलेली, वडील दारूच्या आहारी गेलेले, पाठीवर दोन लहान बहिणी. पहिल्याच पानावर लीला भल्या सकाळी समुद्रातील खडकांवर फुले वाहायला जाते. हा प्रसंग वाचून दाखवताना माझ्या लक्षात आले की समोरच्या मुलींना त्यात नवल असे काहीच वाटत नव्हते. अशी पूजा त्यांच्या घरची आहे. पुस्तकात आपला किनारा प्रथमच भेटतो तेव्हा मुले आनंदाने उसळतील अशी माझी अपेक्षा होती. त्याऐवजी ती शांत झाली आणि बारकाईने तपासू लागली, आणि तो मला अधिक मोठा आदर वाटला.

हरी मुंबईला जातो, एका लहानशा खाणावळीत राबतो, शेजारच्या वृद्ध घड्याळजींकडून घड्याळदुरुस्ती शिकतो आणि साठवलेले पैसे घेऊन दिवाळीला घरी परततो. गावात खतकारखाना येणार असतो आणि त्याविरुद्धच्या मोर्चातूनच तो मुंबईला पोहोचलेला असतो. तरीही लेखिकेने कारखान्याला राक्षस केलेले नाही आणि देवदूतही केलेले नाही. कारखाना होणारच आहे, तर त्याच्या वसाहतीत अंडी विकता येतील, म्हणून आधी कोंबड्या पाळाव्यात आणि पुढे घड्याळदुरुस्तीचे दुकान काढावे, असा विचार हरी करतो. थळचा कारखाना पुढे खरोखरच उभा राहिला, हे आज आपण जाणतो, त्यामुळे त्या मुलाचा हा विचार वाचताना मन भरून येते. माझा आक्षेप शेवटाबद्दल आहे. मुंबईहून सुट्टीला येणारे श्रीमंत कुटुंब आईला अलिबागच्या रुग्णालयात पोहोचवते, आई सुधारते, वडील दारू सोडतात, आणि हे सारे फार भराभर जुळून येते. नववीतील एका मुलीने नेमके त्यावर बोट ठेवले. ती म्हणाली, “बाई, ते पाहुणे आले नसते तर हरीचे सगळे पैसे औषधालाच गेले असते.” एवढा दोष मान्य करूनही चौदाव्या वर्षी वाचण्यासाठी मी हेच पुस्तक सर्वांत आधी सुचवेन. इंग्रजी सोपे आहे आणि वाक्ये स्वच्छ आहेत.

त्यानंतर आम्ही ‘एका कोळियाने’ वाचले. हेमिंग्वे यांच्या १९५२ मधील ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ या कादंबरीचा हा पु. ल. देशपांडे यांनी केलेला अनुवाद आहे. चौऱ्याऐंशी दिवस एकही मासा न मिळालेला म्हातारा कोळी एकटाच खोल समुद्रात जातो, त्याच्या होडीहूनही लांब मासा गळाला लागतो, आणि परतीच्या वाटेवर शार्क त्याचे लचके तोडून नेतात. मोठ्यांच्या जगात हे पुस्तक मानवी जिद्दीचे प्रतीक म्हणून वाचले जाते आणि मीही ते वर्षानुवर्षे तसेच वाचत होते. बंदरावरच्या मुलांनी मात्र ते धंद्याचे पुस्तक म्हणून वाचले. तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, आणि खलाशी बरोबर नसताना इतक्या लांब कोणी जाते का, बर्फ का नव्हता, मासा आत घेता येत नव्हता तर रक्त पाण्यात सांडणारच हे त्याला कळले नाही का, असे प्रश्न त्यांनी विचारले. हर्णैला होड्या पाण्यात नांगरून मासळी बैलगाड्यांतून वाळूवर आणतात आणि तिथेच लिलाव लागतो. टोपलीतील मासळीचा ताजेपणा गेला की भाव कसा पडतो हे या मुलांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. म्हणून त्यांना कादंबरीतील एक जागा फार आवडली, जिथे म्हातारा माशाचे वजन दीड हजार पौंडांच्या वर धरतो, त्यातील दोन तृतीयांश मांस तीस सेंट पौंडाने गेले तर किती होतील याचा विचार करतो आणि यासाठी पेन्सिल हवी असे म्हणतो. ही ओळ माझ्या डोळ्यांखालून अनेकदा गेली होती, पण तिच्याजवळ थांबावे असे मला कधी वाटले नव्हते. एवढ्या मोठ्या झुंजीच्या मध्यावरही त्या माणसाला बाजारभाव आठवतो, आणि त्यामुळेच तो खरा कोळी ठरतो, हे मला आता पटले आहे.

‘श्यामची आई’ या पुस्तकाविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण ते मुलांना संस्कारांसाठी द्यायचे पुस्तक म्हणून इतके सांगितले जाते की ते मुळात कशाबद्दल आहे हेच बाजूला राहते. साने गुरुजींचे पालगड आमच्याच तालुक्यात आहे, श्याम शिकायला दापोलीला होता, आणि पुस्तकाचा बराचसा भाग त्यांनी १९३३च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहिला. माझ्या मते हे कर्जावरचे पुस्तक आहे आणि त्या विषयावर मराठीत याच्या तोडीचे पुस्तक क्वचितच सापडेल. उत्तरार्धातील प्रकरणांची नावेच पाहा: ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’, ‘तेल आहे तर मीठ नाही’, ‘अब्रूचे धिंडवडे’. एकेकाळी खोती, म्हणजे गावचा सारा वसूल करण्याचा वंशपरंपरेचा हक्क, असलेले, गावात मान असलेले घर सावकाराच्या देण्यापायी कसे खचत जाते, जप्तीची वेळ येते तेव्हा घरातील स्त्री कोणत्या शब्दांत स्वतःला सावरते, आणि शिकायला बाहेर राहणाऱ्या मुलापर्यंत यातील किती पोहोचते, हे इतक्या जवळून कोणी दाखवलेले मला माहीत नाही. त्यातील बोधवाक्ये आजच्या मुलांना जड जातात, हे मी नाकारत नाही. आई सतत आदर्शच असणे हेही त्यांना खुपते. म्हणून मी त्यांना सुरुवातीची उपदेशपर प्रकरणे सोडून थेट कर्जाच्या प्रकरणांपासून वाचायला सांगते. ती वाचून झाल्यावर मुले आपणहून मागे वळतात, आणि मग पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसे मनाला जप, असे सांगणारी आई त्यांना वेगळीच वाटते, कारण ती पुढे काय सोसणार आहे हे त्यांना आधीच कळलेले असते.

माझी कसोटी सगळीकडे चालत नाही. मिलिंद बोकील यांची २००४ मधील ‘शाळा’ आणि प्रकाश नारायण संत यांचा ‘वनवास’ या दोन पुस्तकांत पैशाचा हिशेब कुठेतरी कडेला आहे, तरीही कुमारवयाविषयी मराठीत लिहिलेल्या गोष्टींमध्ये मी त्यांना फार वर ठेवते. ‘शाळा’तील नववीतला मुकुंद आणीबाणीच्या काळात प्रेमात पडतो, आणि वर्गातली एक मुलगी आपल्याकडे पाहते की नाही याची त्याला देशातील घडामोडींहून अधिक काळजी असते, लेखकाने त्याबद्दल त्याला जराही हिणवलेले नाही. मोठ्यांनी हे पुस्तक आपल्या शाळेच्या आठवणींसाठी वाचावे आणि मुलांनी आजच्या स्वतःसाठी वाचावे, इतके ते दोघांचे आहे. ‘वनवास’मधील लंपन या मुलाच्या गोष्टी मात्र मुलांना हळूहळू चढतात. आईवडिलांपासून दूर, आजीआजोबांकडे राहणाऱ्या मुलाचे एकटेपण त्यात कोठेही उघड सांगितलेले नाही, ते वाचकाने ओळखायचे असते. मुंबईला आईवडील आणि गावी आजीजवळ मूल, अशी घरे कोकणात पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यामुळे आमच्याकडे ते ओळखणारी मुले निघतात.

निव्वळ मोठ्यांच्या पुस्तकांत कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ने मला धरून ठेवले. २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली ही कादंबरी धरणामुळे उठलेल्या गावाची आहे, आणि मागे राहून गेलेली म्हैस परत आणायला निघालेला देवाप्पा तिच्या केंद्रस्थानी आहे. माणसांनी सोडल्यावर ते जनावर रानटी झालेले असते, आणि माणूस व जनावर यांच्यातील ती गाठभेट इतक्या ताकदीने लिहिलेली आहे की भाषा घाटमाथ्याची असूनही मला अडखळायला झाले नाही. प्रवीण बांदेकर यांची ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’ ही २०२२चा अकादमी पुरस्कार मिळालेली कादंबरी सावंतवाडीकडच्या लेखकाची, म्हणून मी अधिक आपुलकीने उघडली. सिंधुदुर्गातील पिंगुळी गावच्या ठाकर कलावंतांची कळसूत्री बाहुल्यांची परंपरा तिच्या पाठीशी आहे. ती अवघड आहे, तिच्यात वर्तमानाविषयीचा संताप पुष्कळ आहे आणि काही ठिकाणी तो कथेला पुढे जाऊ देत नाही, असे मला वाटले. पण बाहुली कोणाच्या हातातील दोरीवर नाचते हा प्रश्न तिने ज्या गांभीर्याने विचारला आहे, त्यासाठी ती वाचायला हवी. चौदाव्या वर्षी मात्र नको.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. जाडजूड कादंबरीच द्यायची असेल तर श्री. ना. पेंडसे यांची ‘तुंबाडचे खोत’ द्या. पेंडसे आमच्याच तालुक्यातील मुर्डी गावचे. जगबुडी नदीच्या काठावरील एका खोत घराण्याच्या पिढ्यांची ही दोन खंडांतील कथा १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली. मुले जाडीला घाबरतात ती पहिली शंभर पाने. पुढे वाडा, भांडणे, वैर आणि वेड त्यांना ओढून नेतात. पहिला खंड द्यावा आणि दुसऱ्याची सक्ती करू नये, तिला हवा असेल तर ती मागेल. फक्त एक गोष्ट तिला आपण सांगावी. या कादंबरीचे सारे मन खोतांच्या ओटीवर गुंतलेले आहे. त्या ओटीखाली उभ्या राहणाऱ्या कुळांच्या घरात भात किती उरत असे, हे तिच्यातून पुरेसे कळत नाही. म्हणून तिच्याबरोबर अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकऱ्यांचा खोतांविरुद्ध १९३३ ते १९३९ पर्यंत चाललेला संप, डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मांडलेले खोतीविरोधी विधेयक आणि १९४९चा खोती निर्मूलन कायदा यांबद्दल दोन संध्याकाळी तरी बोलावे. आमच्या वाचनालयातील काही मुलांचे पणजोबा खोतांची कुळे होती आणि काहींचे स्वतः खोत होते. कादंबरीवरची चर्चा त्यामुळे इतकी रंगली की शेवटी दिवे मालवण्यासाठी मलाच उठावे लागले.

पेंडसे यांचेच ‘रथचक्र’, ज्याला १९६३चा अकादमी पुरस्कार मिळाला, ते मात्र मी आपल्या मुलीला इतक्यात देणार नाही. भाषा कठीण आहे म्हणून नव्हे. घरच्यांशी वैर पत्करून मुलाला शिकवण्यासाठी बाहेर पडलेल्या, कादंबरीभर नाव नसलेल्या त्या स्त्रीचे अवघे आयुष्य मुलाच्या शिक्षणावर टांगलेले आहे, आणि परीक्षेच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मुलांना ते ओझे स्वतःच्या खांद्यावर आल्यासारखे वाटते. दहावी पार पडली की अवश्य द्या, आणि शक्य असेल तर तिच्या आधी आपण स्वतः वाचून ठेवा.