स्वमग्न (ऑटिस्टिक) मूल आपलाच प्रश्न आपल्याला परत का ऐकवतं?

"पाणी हवं का?" विचारलं की चार वर्षांचा मुलगाही "पाणी हवं का?" म्हणतो, हा खोडसाळपणा नाही. याला इकोलालिया म्हणतात. स्वमग्नतेत बरीच मुलं भाषा सुट्या शब्दांनी नाही, आख्ख्या वाक्याच्या तुकड्यांनी उचलतात. पाण्याच्या वेळी ऐकलेलं वाक्य म्हणजेच त्याच्या लेखी 'पाणी'. म्हणून अनेकदा ते उत्तरच असतं: हो, हवं.

"माझं काय ऐकवतोस, नीट बोल" म्हणून दटावू नका. हातातलं एकमेव साधनही तो टाकून देईल. प्रश्न कमी करा. पेला दाखवा आणि त्याने म्हणावं तेच वाक्य तुम्ही म्हणा: "मला पाणी हवं." मग पाच ते दहा सेकंद गप्प राहा (हेच सगळ्यात अवघड जातं). नुसतं पेल्याकडे पाहिलं तरी पाणी द्या. वदवून घेण्यासाठी अडवून धरू नका.

मराठीत एक खाच आहे. आई "मी खाते" म्हणून दाखवते आणि मुलगा तेच उचलतो. नमुना देताना मुलासाठी "मी खातो" म्हणा.

कार्टूनमधलं वाक्य अवेळी म्हणत असेल, तर तेव्हा काय घडलं ते दोन आठवडे वहीत टिपा. मिक्सर, गर्दी, भूक असं काही कारण बहुधा सापडतं.

श्रवणतपासणी झाली नसेल तर करून घ्या. येत असलेले शब्द नाहीसे होत असतील, तर मात्र थांबू नका, लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवा.