राशीच्या मशीनवर नवी पोरं : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : सोयाबीनच्या राशीला (मळणीला) माझ्याकडे 18 ते 20 वर्षांची पाच पोरं येतात. दरवर्षी पहिल्या दिवशी ‘हात जपा रे’ असं बजावतो. दुपारपर्यंत तीच पोरं मशीनच्या तोंडात हाताने काड (कापलेलं पीक) कोंबताना दिसतात. त्यांना शिकवायचं तरी कसं?
— एक शेतकरी, औसा तालुका, जि. लातूर

उत्तर : ‘हात जपा’ म्हणजे ताकीद झाली, शिकवणं नाही. पोरगं हात घालतं त्याला कारण असतं. काड आत सरकत नाही, मशीनवाल्याचा दर कट्ट्यावर (पोत्यामागे) असतो म्हणून त्याला घाई असते, आणि मालक बांधावर उभा असतो. आधी ते कारण काढून टाका.

बहुतेक वेळा काड दमट असतं. ऑक्टोबरात रात्री दव पडतं. सकाळी सातला बनीम (काडाची रचलेली गंजी) उघडली की वरचे थर ओलसर असतात. असं काड तुटत नाही, ड्रमला (दाणे झोडणाऱ्या फिरत्या भागाला) गुंडाळतं, जाळीत बसतं आणि मशीनचा आवाज जड होतो. हिरवं तण मिसळलेलं असेल तरी तसंच होतं. मग पोरगं हाताने ढकलतं. म्हणून ताडपत्री काढून ऊन लागू द्या. मूठभर शेंगा तळहातावर चोळून बघा. कडक वाजून फुटल्या तरच मशीन सुरू करा. हे बघायचं काम पोरांकडेच द्या, म्हणजे थांबायचं का ते त्यांनाही कळेल.

दुसरं, ट्रे मोजायला लावा. काड टाकायचा ट्रे किमान 90 सेंटिमीटर लांब हवा, आणि ड्रमकडचा किमान 45 सेंटिमीटर भाग वरून पत्र्याने झाकलेला हवा, असं भारतीय मानकात आहे. प्रत्येकाला टेपने स्वतःचा हात खांद्यापासून बोटापर्यंत मोजू द्या. 70-75 सेंटिमीटरच्या आसपास भरेल. ट्रेच्या बाहेरच्या टोकाला उभं राहिलं तर हात ड्रमपर्यंत पोचत नाही, हे त्यांना स्वतःच्या मापावरून पटतं. मोठ्या पेंढ्या अडकतात म्हणून कित्येक ठिकाणी हा वरचा पत्रा कापून टाकलेला असतो. तसं मशीन भाड्याने घेऊ नका, चार दिवस रास लांबली तरी चालेल.

आता खरा धडा, आणि तो बंद मशीनवर. पहिल्या दिवशी चहाच्या आधी वीस मिनिटं काढा. चालू कसं करायचं ते नंतर, आधी बंद करणं शिकवा : रेस कमी, पीटीओचा (ट्रॅक्टरची ताकद मशीनला देणाऱ्या जोडणीचा) दांडा न्यूट्रल, इंजिन बंद, किल्ली काढून खिशात. किल्ली कुणाच्या खिशात? जो मशीनमध्ये हात घालणार त्याच्याच. इंजिन थांबलं तरी फ्लायव्हीलच्या (मशीनच्या जड चाकाच्या) जोरावर ड्रम फिरत राहतो. चाक डोळ्यांना स्थिर दिसेपर्यंत झाकण उघडायचं नाही. आम्ही सांगतो, तुम्ही माना, असं इथे चालत नाही. प्रत्येकाकडून हा क्रम एकदा करून घ्या.

मग गमछा घ्या. इंजिन बंद, किल्ली तुमच्या खिशात. ट्रॅक्टर आणि मशीन जोडणाऱ्या शाफ्टला गमछ्याचं टोक लावून हाताने गुंडाळा आणि पोरांना वेढे मोजायला सांगा. शाफ्ट साधारण साडेसहा सेंटिमीटर जाड धरला तर एका वेढ्यात 20 सेंटिमीटर कापड जातं. दोन मीटरचा गमछा म्हणजे दहा वेढे. आता सांगा की पीटीओ मिनिटाला 540 फेरे मारतो, म्हणजे सेकंदाला 9. गळ्यातला अख्खा गमछा साधारण एका सेकंदात जातो, ‘अरे’ म्हणायलाही वेळ मिळत नाही. एवढं बघितल्यावर पोरं गमछा आपसूक काढून ठेवतात. शाफ्टवर प्लास्टिकची नळी आणि ती फिरू नये म्हणून साखळी असायलाच हवी. साखळी तुटलेली असेल तर नळी शाफ्टबरोबर फिरते आणि झाकण असूनही उपयोग राहत नाही. काड द्यायला बायका असतील तर पदर, ओढणी खोचलेली आणि वेणी बांधलेली असावी.

मशीनच्या आवाजात हाक ऐकू येत नाही. दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरले की मशीन बंद, ही खूण ठरवा. ती कुणीही करावी, अगदी पोती शिवणाऱ्यानेही, आणि विनाकारण केली तरी त्याला बोल लावू नका. एकदा रागावलात की पुन्हा कुणी हात वर करणार नाही.

नवख्याला पहिले दोन दिवस ट्रेवर उभं करू नका, पोत्याच्या बाजूला ठेवा. ट्रेवरचा माणूस तासाभराने बदला. रात्री रास टाळा. अगदीच अडलं तर दिवा माणसाच्या पाठीमागे नको, नाहीतर त्याचीच सावली मशीनच्या तोंडावर पडते.

प्रश्न : मुलगा 15 वर्षांचा आहे, ट्रॅक्टर चांगला चालवतो. परवा काळ्या रानात फसला तेव्हा शेजाऱ्याने मागच्या चाकांना लाकूड बांधून काढायला सांगितलं. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, पूर्णा तालुका, जि. परभणी

उत्तर : अजिबात नाही. चाक लाकडामुळे अडलं की फिरायची ताकद एक्सलभोवती ट्रॅक्टरलाच फिरवते, पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. एवढ्या वेळात क्लच दाबणं जाणत्यालाही साधत नाही. चाकामागची माती खोदा, ट्रॅक्टर मागे घेऊन बघा. नाही जमलं तर दुसऱ्या ट्रॅक्टरने लांब दोरखंडाने ओढा, दोर खालच्या हुकलाच लावा. वर, टॉपलिंकला (अवजार जोडायच्या वरच्या दांड्याला) लावला की तोच धोका.

मुलाचं म्हणाल तर 18 वर्षांपर्यंत थांबा. रस्त्यावर त्याच्या हातून अपघात झाला तर मोटार वाहन कायद्यानुसार पालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

प्रश्न : मशीनमध्ये मजुराचं बोट तुटलं तर दवाखान्यात नेईपर्यंत काय करावं? आणि मदत मिळते का?
— एक बचत गट, केज तालुका, जि. बीड

उत्तर : हात अडकला असेल तर मशीन बंद करा, पण ड्रम उलटा फिरवू नका, जखम वाढते. 108 ला फोन करा. जखमेवर स्वच्छ कापड दहा मिनिटं न उचलता दाबून धरा, हात वर ठेवा. हळद, चुना, तंबाखू काही लावू नका. तुटलेलं बोट ओलसर, पिळलेल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा आणि ती पिशवी बर्फात ठेवा. बोटाला थेट बर्फ लागला तर पेशी मरतात आणि ते जोडता येत नाही. पाण्यातही बुडवू नका.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यूला 2 लाख, एक हात, पाय किंवा डोळा गेल्यास 1 लाख मिळतात. अर्ज 30 दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो. पण ही योजना 10 ते 75 वयाचा खातेदार आणि त्याच्या घरातला एक माणूस यांच्यासाठी आहे. भूमिहीन मजूर तिच्यात बसत नाही. त्याच्यासाठी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना काढून ठेवा : वय 18 ते 70, वर्षाला 20 रुपये, बँक खात्यातून. पाच मजुरांचे 100 रुपये मालकाने द्यावेत. विमा 1 जूनपासून नवा होतो, तेव्हा मे महिन्यात प्रत्येकाच्या खात्यात 20 रुपये शिल्लक आहेत का ते बघा. शिल्लक नसेल तर हप्ता जात नाही आणि विमा बंद पडतो.