गाय सातव्या महिन्यात गाभडली, वार अडकली आणि जाड चामड्यासारखी दिसते. काय झालं असेल?

पहिला संशय ब्रुसेलोसिसचा, म्हणजे ब्रुसेला जंतूंमुळे गाई गाभडण्याच्या रोगाचा घ्यावा. बुरशीनेही वार अशीच जाडावते, त्यामुळे नुसतं बघून ठरवू नका. पशुवैद्यकाला बोलवा, गाईचं रक्त आणि वारेचा तुकडा तपासायला पाठवा.

गाईची वार गर्भाशयाला सलग चिकटलेली नसते. साधारण ७० ते १२० गाठींच्या जागी ती गुंतलेली असते. दिवस भरले की गाईच्या शरीरातल्या पांढऱ्या पेशी ही पकड सैल करतात आणि बहुधा १२ तासांच्या आत वार पडते. जंतूंमुळे गाठी सुजून कुजल्या, किंवा वेळेआधीच गाभडली, तर पकड सुटत नाही. जुळी वासरं, अडलेलं वेत, कॅल्शियम, सेलेनियम किंवा ई जीवनसत्त्व कमी पडणं यांनीही वार अडकते. पण तेवढ्याने ती चामड्यासारखी होत नाही.

हात घालून वार ओढू नका, लोंबत्या वारेला दगड बांधू नका. आतून फाटून गर्भाशय सडतं आणि पुढे गाय उलटत राहते, म्हणजे भरवूनही गाभण राहत नाही.

आणि कृपा करून हे मनावर घ्या: ब्रुसेलोसिस माणसालाही होतो. उघड्या हाताने वार, मेलेलं वासरू उचलू नका. घरातल्या गरोदर बाईला गोठ्यापासून लांब ठेवा. दूध उकळूनच प्या. वार चुना टाकून खोल पुरा, कुत्र्यांना मिळू देऊ नका. गोठ्यातल्या ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना एकदाच द्यायची ब्रुसेलोसिसची लस असते, तीही विचारून घ्या.